निवणे, निवांत, निवळणे

दहीभात करायचा असला की भात आधी परातीत पसरून निवत ठेवतात. उलथन्यानं तो हलकेच मोकळा करायचा, गुठळ्या सोडवायच्या आणि बाजूला व्हायचं. वाफ आपली आपण जाते. घाई करून गरम भातावर दही घातलं तर ते फुटतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असतं. चहा निवतो, तवा निवतो, उन्हातून आलेलं अंग सावलीत निवतं. पुष्कळ दिवसांनी लेक घरी आली की आईचे डोळे निवतात, वेळेवर पाऊस झाला की शेतकऱ्याचा जीव निवतो. ‘निवणे’ हे क्रियापद इतकं घरातलं आहे की ते कुठून आलं असा प्रश्नच कुणाला पडत नाही.

ते फार थोर घरातून आलं आहे. संस्कृतात ‘वा’ म्हणजे वाहणे, वाऱ्यासारखं वाहणे. त्यामागे ‘निर्’ लागला की अर्थ होतो विझणे, शमणे, थंड होणे. प्राकृतात याची रूपं ‘णिव्वाइ’, ‘णिव्ववइ’ अशी झाली आणि मराठीत ‘निवणे’, ‘निववणे’. याच ‘निर्वा’पासून झालेला दुसरा शब्द म्हणजे निर्वाण, पालीतलं निब्बान. बुद्धांनी गयेजवळ दिलेल्या एका प्रसिद्ध उपदेशात डोळा, कान, जीभ, मन, सगळंच पेटलेलं आहे असं सांगितलं आहे. राग, द्वेष आणि मोह हे तीन अग्नी त्यांनी मोजले. ते विझणं म्हणजे निर्वाण. एका धर्मपरंपरेनं आपल्या सर्वोच्च अवस्थेला जे नाव दिलं, त्याचाच सख्खा भाऊ आपल्याकडे परातीतल्या भाताची खबर घेत बसला आहे, आणि यात मला त्या शब्दाचा कमीपणा दिसत नाही, मराठीची श्रीमंती दिसते.

मराठीनं एक बारीक भेदही केला आहे. आग विझते, आगीनं तापलेलं जे असतं ते निवतं. चूल विझली तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो. ज्याचं डोकं दिवसभर तापलेलं आहे अशा माणसाला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या झोप का येत नाही, हे या भेदातून नीट कळतं. काम संपलं, म्हणजे चूल विझली. निवायला वेळ अजून बाकी आहे.

आता ‘निवांत’. ऐकायला हा निवण्याचाच जुळा वाटतो, पण त्याची जन्मपत्रिका वेगळी आहे. संस्कृतात ‘निवात’ म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा. त्या ‘निवात’च्या मधल्या अक्षरावर मराठीत अनुस्वार आला. तो एकांत, प्रशांत अशा शब्दांच्या संगतीनं आला असावा असा माझा तर्क आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यान लागलेल्या योग्याच्या चित्ताला ज्या दिव्याची उपमा दिली आहे, तो दिवा अशाच निवात जागी ठेवलेला आहे आणि म्हणून त्याची ज्योत हलत नाही. आपण ‘रविवारी निवांत भेटू’ म्हणतो तेव्हा नकळत त्या दिव्याचीच भाषा बोलत असतो.

या उपमेत लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ज्योतीला कुणी धरून ठेवलेलं नाही. ज्योत धरता येत नाही. तिच्यावर हुकूम चालत नाही. करता येतं ते एवढंच, की वारा अडवायचा: खिडकी लावायची, दिवा कोनाड्यात सरकवायचा, हाताचा आडोसा करायचा. जुन्या घरांच्या भिंतीत दिव्यासाठी कोनाडे ठेवलेले असत ते याचसाठी. मनाला ‘गप्प बस’ म्हणून दरडावणारे आणि मग ते बसत नाही म्हणून स्वतःवर चिडणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांना ‘निवांत’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली तर अर्धी चीड तिथेच जाईल, असं मला मनापासून वाटतं.

दिव्याचा विषय निघालाच आहे तर वातीकडेही पाहू. समईतली वात संस्कृत ‘वर्ति’पासून आली. तिचा धातू ‘वृत्’, म्हणजे फिरणे, वळणे. कापूस तळहातावर वळून केलेली ती वर्ति. हिंदीतून आपल्याकडे आलेली ‘बत्ती’ही तिथलीच. पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची व्याख्या करताना चित्ताच्या ज्या ‘वृत्ती’ थांबवायला सांगितल्या आहेत, त्याही याच ‘वृत्’च्या लेकी. वृत्ती म्हणजे चित्ताचं गरगरणं, एका गोष्टीवरून दुसरीकडे वळणं. पतंजलींनी त्या पाच सांगितल्या आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. खरं ज्ञान, खोटं ज्ञान, नुसत्या शब्दांतून उभी राहणारी कल्पना, झोप आणि आठवण. या यादीत झोप आहे हे वाचून पुष्कळांना नवल वाटतं. ध्यानाला बसून पेंगणाऱ्याला शिक्षक जागं करतात, त्यामागे हीच यादी आहे: झोपेतही चित्त एका प्रकारे वळलेलंच असतं.

आणि आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो ते ‘मला वाटतं’? हे ‘वाटणे’ही भाषेच्या अभ्यासकांनी याच धातूपर्यंत नेलं आहे. संस्कृत ‘वर्तते’, प्राकृत ‘वट्टइ’, मराठी ‘वाटे’. मनात जे वळतं, फिरतं, ते वाटतं. ‘मला भीती वाटते’ या साध्या वाक्यात भीती आणि मी वेगवेगळे आहोत; भीती माझ्यात फिरते आहे, मी तिला पाहतो आहे. ध्यानाचे वर्ग घेणारे शिक्षक हाच फरक समजावून द्यायला कितीतरी वेळ घेतात. मराठी मुलाच्या तोंडी तो शाळेत जाण्याआधीच बसलेला असतो.

‘निवृत्ती’ हाही ‘वृत्’चाच: मागे वळणे, परत फिरणे. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांच्या नावात तो आहे. आता तो बहुतेक करून निवृत्तिवेतनाच्या कागदावर भेटतो.

तिसरी बहीण ‘निवळणे’. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं. ते हंड्यात भरून ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. लवकर निवळावं म्हणून पूर्वी निवळीची बी वापरत. हे एका झाडाचं चपटं, बटणासारखं बी. संस्कृतात त्या झाडाला ‘कतक’ म्हणतात. बी थोड्या पाण्यात उगाळून किंवा मडक्याच्या आतल्या बाजूला घासून मग पाणी भरायचं. बियांतल्या द्रव्यांमुळे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला जातात. कोशकार ‘निवळ’ची नाळ ‘निर्मल’शी जोडतात. ‘म’चा ‘व’ होणं मराठीत नेहमीचं आहे: ग्रामचं गाव, नामचं नाव. मात्र जोडाक्षरातला ‘म’ सहसा टिकतो, कर्माचं काम होतं, चर्माचं चाम होतं. त्यामुळे ही व्युत्पत्ती पहिल्या दोघींइतकी घट्ट मी धरत नाही. अर्थ मात्र अगदी स्वच्छ आहे. ‘आभाळ निवळलं’, ‘वातावरण निवळलं’, ‘त्याचं मन आता निवळलंय’. गढूळ पाणी ढवळून कधी स्वच्छ होत नाही.

तीन शब्द, कानाला सारखे, मुळं निराळी. एकात ताप उतरतो, एकात वारा पडतो, एकात गाळ बसतो. तिघांपैकी एकातही जोरजबरदस्ती नाही. मन शांत करण्याच्या मराठी शब्दांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मोठ्या, संस्कृत शब्दांची गोष्ट जरा निराळी आहे. ‘ध्यान’ घ्या. धातुपाठात ‘ध्यै’ या धातूचा अर्थ दिला आहे तो ‘चिन्ता’. होय, चिंता! ज्या चिंतेपासून सुटका व्हावी म्हणून आज लोक ध्यानाला बसतात, तोच अर्थ व्याकरणकारांनी ध्यानाच्या धातूपुढे लिहून ठेवला आहे. त्या काळी चिंता म्हणजे नुसता विचार, एखाद्या गोष्टीचं मनात घोळणं. पुढे तिला काळजीचा रंग चढला, आणि जुना अर्थ ‘चिंतन’ या शब्दानं सांभाळला. चित्त आणि चिंता एकाच मुळाच्या, ‘चित्’च्या. त्यामुळे ‘चित्त आहे तिथे चिंता असायचीच’ असं कुणी म्हणालं तर व्याकरण त्याच्या बाजूनं उभं राहील.

हा ध्यान शब्द जितका हिंडला तितके थोडेच शब्द हिंडले असतील. पालीत तो ‘झान’ झाला. भिक्खूंबरोबर चीनला गेला, तिथे आधी ‘चान्ना’ आणि मग नुसता ‘चान’. कोरियात ‘सॉन’, व्हिएतनाममध्ये ‘थिएन’, जपानात ‘झेन’. आज पुण्यामुंबईत बागेला, हॉटेलला, गृहसंकुलाला हौसेनं ‘झेन’ नाव देतात, तेव्हा आपलाच शब्द माहेरवाशिणीसारखा परदेशी पेहरावात परत आलेला असतो.

घरी राहिलेल्या ध्यानानं मराठीत आपले वेगळेच संसार मांडले. ‘ध्यानात ठेव’ म्हणजे विसरू नकोस. ‘ध्यानीमनी नसताना’ म्हणजे अचानक. पूजेच्या आरंभी ध्यानाचा श्लोक म्हणतात, त्यात देवाचे हात किती, आयुधं कोणती, वस्त्राचा रंग कोणता हे वर्णन असतं, म्हणजे मनापुढे आणायचं रूप. संतांच्या अभंगांत ध्यान म्हणजे विठ्ठलाची मूर्ती. या ‘रूप’ अर्थावरूनच पुढे शर्टाची बटणं वरखाली लावून आलेल्या पोराला आजी ‘काय हे ध्यान!’ म्हणू लागली असणार. डोळे मिटून जे पाहायचं, ते उघड्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं.

‘योग’ शब्दाबद्दल सगळ्यांना एवढं माहीत असतं, की ‘युज्’ म्हणजे जोडणे, जिवाशिवाचं मीलन. ही अर्धी गोष्ट आहे. धातुपाठात ‘युज्’ एकाहून अधिक ठिकाणी येतो. एकाचा अर्थ जोडणे, दुसऱ्याचा अर्थ समाधी. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यानं दुसरा अर्थ घेतला, योग म्हणजे समाधी. पतंजलींच्या योगात खरं तर काही जोडायचं नाही. पाहणारा आणि दृश्य यांची पडलेली गाठ सोडवायची आहे. ‘योग म्हणजे जोडणे’ हे वाक्य प्रत्येक योगवर्गाच्या पहिल्या दिवशी ऐकू येतं, ते चुकीचं नाही, पण पतंजलींच्या ग्रंथापुरतं तरी ते अपुरं आहे, आणि शिक्षकांनी दुसरा अर्थही सांगायला हवा.

जोडण्याच्या अर्थाचा ‘युज्’ मात्र आपल्या शेतात उभा आहे. संस्कृत ‘युग’, प्राकृत ‘जुअ’, मराठी ‘जू’: बैलांच्या मानेवरचं. संस्कृत ‘योक्त्र’, मराठी ‘जोत’: बैलाला जुवाशी बांधणारा पट्टा. इंग्रजीतला ‘योक’ही याच कुळातला. कठोपनिषदात शरीराचा रथ केला आहे. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. ही सगळी कल्पना गाडी जुंपणाऱ्या माणसांची आहे. ‘सुख’ शब्दही कित्येक अभ्यासक याच गाडीतून काढतात: ‘सु’ म्हणजे चांगलं आणि ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्याचं भोक. आस ज्यात नीट बसते, गाडी खडखडत नाही, ते सुख. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, ते स्थिर हवं आणि सुखाचं हवं. तुंब्यात बसलेली आस डोळ्यांपुढे आणून ही अट वाचली की ती चटकन कळते.

पुण्यात योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली आले आणि पुढे त्यांनी आसनं शिकवताना पट्टे, दोऱ्या, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा उपयोग सुरू केला. ज्याचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही त्यानं तळपायाला पट्टा अडकवून त्याची दोन टोकं हातांत धरायची. १९७५ मध्ये शिवाजीनगर भागात उभ्या राहिलेल्या त्यांच्या रमामणी संस्थेत भिंतींना टांगलेल्या दोऱ्या दिसतात. कुणी ठरवून केलं नसेल, पण योक्त्र योगाच्या खोलीत परत आलं आहे.

याच ‘युज्’चे बाकीचे वंशजही पाहून ठेवावेत: उद्योग, उपयोग, प्रयोग, नियुक्ती, आयोग, आयुक्त. ज्या कचेऱ्यांनी डोकं तापतं त्यांची नावं आणि ज्यानं ते निवावं त्याचं नाव एकाच मुळातून निघालं. पत्रिकेतले लग्नाचे योगही त्यातलेच. आणि हल्ली ऐकू येणारं ‘योगा’? इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटचं अक्षर उच्चारून आपण हे रूप केलं. मराठीत योग हा पुल्लिंगी, अकारान्त, सरळ शब्द आहे. तो तसाच म्हणावा. ‘मी योग करते’ यात काहीही अवघड नाही.

पतंजलींच्या पाच वृत्तींत स्मृतीही होती हे मघाशी आलं. पतंजलींना आठवणही थांबवायची आहे. बौद्ध मार्गानं मात्र त्याच स्मृतीला साधन केलं. पालीत स्मृतीचं ‘सति’ झालं, आणि तिचा अर्थ गेल्या दिवसांची आठवण यापेक्षा आत्ता जे चाललं आहे त्याचं भान असा झाला. श्वास आत येतो आहे याची सति, पाऊल उचललं जातं आहे याची सति. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स या पाली पंडितानं १८८१ मध्ये ‘सति’साठी इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून दुखण्यानं आणि ताणानं गांजलेल्या रुग्णांसाठी त्यावर बेतलेला अभ्यासक्रम चालवला आणि तो शब्द जगभर गेला. आता मराठी मासिकांत त्याला कुणी सजगता म्हणतं, कुणी जागरूकता. यापैकी कशालाही माझा विरोध नाही. पण ‘स्मृति’चं प्राकृत ‘सइ’ आणि त्याचं जुनं मराठी ‘सै’, आजचं ‘सय’. माहेराची सय येते, ती ही. ‘श्वासाची सय ठेवा’ असं एखाद्या शिक्षकानं म्हणून पाहावं. ऐकणाऱ्याला कोश उघडावा लागणार नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेलेल्यांना हा सतीचा अभ्यास ओळखीचा असेल. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये आणलेली ही पद्धत. विपश्यना, पालीत विपस्सना, म्हणजे विशेष रीतीनं पाहणं. त्याच नाशिक जिल्ह्यात, नाशिक शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी लेणी खोदली गेली. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेख आहे, तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा. तिथल्या शिलालेखांत दान दिलेल्या गुहेला ‘लेण’ असा शब्द येतो. आपलं लेणं तेच. संस्कृतात ‘लयन’, धातू ‘ली’: चिकटणे, दडणे, विरून जाणे. लय, लीन, विलीन, तल्लीन हे त्याचेच. (अंगावर लेतात ते लेणं निराळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) पावसाळ्याचे महिने भिक्खू जिथे हिंडणं थांबवून बसत, ती ही दडण्याची, विसाव्याची जागा. सहलीला गेल्यावर आपण शिल्पं पाहतो, फोटो काढतो. त्या बाजूच्या लहान खोल्या, आत एका माणसापुरता दगडी ओटा, त्याही थोडा वेळ थांबून पाहाव्यात. मूळ लेणं ते आहे.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली. योगवर्गात शेवटी शवासन असतं. हठप्रदीपिकेत त्याचं फळ सांगितलं आहे ते थकवा जाणं आणि चित्ताला विश्रांती मिळणं, एवढंच. कुठलाही मोठा चमत्कार त्याच्या वाट्याला ठेवलेला नाही. शिक्षक तेव्हा म्हणतात, ‘अंग सैल सोडा.’ या ‘सैल’चं मूळ ‘शिथिल’ मानतात. म्हणजे पुस्तकातलं जड ‘शिथिलीकरण’ आणि तोंडातलं ‘सैल सोडणं’ एकच. इंग्रजी ‘रिलॅक्स’मध्येही लॅटिन ‘लॅक्सस’ आहे आणि त्याचाही अर्थ सैल. एडमंड जेकब्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडून देण्याची जी रीत सांगितली, तिला मराठीत सांगायला तीन शब्द पुरतात: आवळा आणि सोडा.

‘विश्राम’चं मराठीत झालं ‘विसावा’, मधल्या ‘म’चा ‘व’ होऊन. वि आणि श्रम: श्रम सुटणं. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वेळापत्रकात विसावा आणि मुक्काम हे दोन वेगळे शब्द असतात. मुक्कामाला राहुट्या लागतात, रात्र काढायची असते. विसाव्याला फक्त पालखी खाली टेकते, वारकरी पायातलं पायताण काढून झाडाखाली बसतात, कुणी भाकरी सोडतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सगळे उठून चालू लागतात. अंत्ययात्रेतही वाटेत तिरडी खाली ठेवून खांदेकरी बदलतात त्या जागेला विसावाच म्हणतात. विसावा वाटेवरचा असतो, हे या दोन्ही वापरांत पक्कं आहे. याच श्रमापासून ‘आश्रम’ही आला आहे, आणि तो मात्र श्रम करण्याची, तपाची जागा. शांतता मिळेल म्हणून आश्रमात गेलेल्यांना पहाटे चारला उठवून झाडलोटीला लावतात, तेव्हा तो आश्रम आपल्या नावाला जागत असतो.

दोन शब्द मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण माझा त्यांच्यावर जीव आहे. पहिला ‘स्वस्थ’. स्व आणि स्थ: स्वतःत राहिलेला. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी. मराठीत तो निरोगीपणा ‘स्वास्थ्य’नं घेतला आणि ‘स्वस्थ’कडे राहिली ती शांत बसण्याची गोष्ट. ‘जरा स्वस्थ बस’ हे मराठी घरात लहान मुलाला सर्वांत जास्त वेळा सांगितलं जाणारं वाक्य असेल. आणि मन लागत नाही, येरझाऱ्या होतात, हात सारखा फोनकडे जातो, त्याला आपण म्हणतो अस्वस्थ. स्वतःच्या घरी नसलेला. वृत्ती थांबल्यावर पाहणारा आपल्या मूळ रूपात राहतो असं पतंजली तिसऱ्या सूत्रात सांगतात, त्याला ‘स्वस्थ’पेक्षा नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही.

दुसरा ‘समाधान’. समाधी आणि समाधान दोन्ही ‘सम्-आ-धा’चे: विखुरलेलं एका जागी नीट ठेवणं. समाधी आळंदीला गेली. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये ती घेतली आणि तिथली वास्तूही त्याच नावानं ओळखली जाते. समाधान घरातच राहिलं. हिंदीत समाधान म्हणजे उत्तर, तोडगा. आपल्याकडे ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात तो अर्थ आहे, पण एकट्या समाधानाचा अर्थ आहे पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्यानं तृप्त होणं, थोडक्यात भागणं, जे आहे त्यात मन मावणं. समाधी थोड्यांच्या वाट्याला येते. समाधान मराठीनं सर्वांसाठी खुलं ठेवलं.

मराठीच्या गोडीबद्दल ज्ञानेश्वरांनी जी प्रसिद्ध पैज लावली ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि सहावा अध्याय ध्यानाचा आहे. मनाच्या सूक्ष्म हालचाली सांगायच्या होत्या नेमक्या तिथेच त्यांनी या भाषेवर भरवसा टाकला.

म्हणून योगवर्ग घेणाऱ्या शिक्षकांना, समुपदेशकांना आणि रक्तदाब तपासून ‘स्ट्रेस घेऊ नका, रिलॅक्स राहा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. समोरचा माणूस मराठी असेल तर त्याला मराठीत सांगा. अंग सैल सोडा म्हणा. थोडं निवू द्या म्हणा. काही वेळ स्वस्थ बसा म्हणा. आणि वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, घाटावर ज्यांच्या घरी यासाठी आणखी वेगळे शब्द बोलले जातात, त्यांनी ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच विचारून लिहून ठेवावेत.